कोपऱ्यातल्या खोलीतून हाक

सगळं रुग्णालय तिला वहिनी म्हणायचं. त्याला कारण तिची नणंद. नणंद तिथली मेट्रन, म्हणजे झाडून सगळ्या सिस्टरांची मुखत्यार. वहिनी कामावर रुजू झाली त्या दिवशी मेट्रनबाईंनी भर बैठकीत ओळख करून दिली: या आमच्या वहिनीबाई, कॉम्प्युटरातल्या आहेत, माझ्या नात्यातल्या म्हणून कुणी सवलत देऊ नका आणि त्यांनी मागितलीच तर मला कळवा. सवलत कुणी दिली नाही, नाव मात्र चिकटलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्यांपासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली. ती स्वतः नणंदेला घरी वन्सं म्हणायची आणि रुग्णालयातही चुकून वन्संच म्हणायची. मेट्रनबाई तेवढ्यापुरत्या बहिऱ्या व्हायच्या.

वहिनीला दिलेलं काम सांगायला सोपं होतं. वर्षभरात चांगल्या चांगल्या सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या. जाताना अधीक्षकांनी प्रत्येकीला बोलावून कारण विचारलं. कुणी पगाराचं नाव काढलं नाही, कुणी कामाला नावं ठेवली नाहीत. प्रत्येकीने वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं: इथे माझ्या ओळखीचं कुणीच नाही. माणसं भिंतीला भिंत लावून वर्षानुवर्षं काम करत होती आणि एकमेकांना ओळखत होती ती फोनवरच्या आवाजावरून. लॅबमधल्या माणसाला आयसीयूतली सिस्टर म्हणजे एक चिडलेला आवाज, आणि सिस्टरला लॅब म्हणजे एक कुरकुरता आवाज. अधीक्षकांनी वहिनीला सांगितलं, ही माणसं कामाशिवाय चार शब्द बोलतील असं काहीतरी बनव. जागा म्हणून दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. आता टेबल, खुर्च्या, हात धुवायचं बेसिन, पाणी तापवायची किटली आणि गाड्यांच्या तळाकडे उघडणारी एक खिडकी. मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंत. तोवर खोली वापरात आली नाही, तर ती एक्स-रे विभागाला नव्या मशीनसाठी जाणार होती. आणि खोली गेली की वहिनीचं कामही गेलं, हे सांगायची गरज नव्हती.

तिचं पहिलं यंत्र देखणं होतं. प्रत्येक विभागात एक छोटा पडदा, आणि त्यावर आत्ता खोलीत कोण बसलंय ते दिसायचं. माणूस पडद्याकडे बघेल, ओळखीचा चेहरा दिसेल, पावलं आपोआप वळतील, असा तिचा हिशेब होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. पावलं वळली नाहीत. खोलीत येऊन बसायचा फक्त एक्स-रेवाला. तोही एवढ्यासाठी, की ही खोली उद्या आपलीच होणार असं त्याच्या साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

पडदे बंद तर पडले नाहीत ना, हे बघायला वहिनी मंगळवारी दुपारी विभागांतून फिरली. आयसीयूत ती जरा जास्तच वेळ उभी राहिली. तिथली सिस्टर पेशंटच्या उशाशी औषधाची धार मोजत होती. तिच्या पाठीमागे भिंतभर पडदे होते, त्यांवर हिरव्या रेघा धावत होत्या, आणि ती एकदाही वळून बघत नव्हती. मग एका पडद्याने टुंई केलं. सिस्टर गर्रकन वळली, सैल झालेली वायर बसवली आणि परत धार मोजू लागली. वहिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसांना पडद्याकडे न बघायचंच शिक्षण मिळालेलं आहे. पडदा गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे. तिचा पडदा दोन दिवस गप्प होता, आणि दोन दिवस सगळे समजत होते की कोपऱ्यातल्या खोलीत सगळं ठीक आहे.

ती जवळजवळ पळतच आपल्या जागेवर गेली. ती मागच्या आवारातल्या बैठ्या इमारतीत होती. यंत्राला आवाज हवा, एवढंच तिला दिसत होतं. कर्कश नको, गोड हवा. तिने बरेच सूर वाजवून पाहिले आणि शेवटी दोन सुरांची एक जोडी मनात भरली, एक खालचा, एक वरचा. ऐकताक्षणी आपलीशी वाटली. इतकी आपलीशी का वाटते हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

कारण त्या रुग्णालयात एखाद्या पेशंटचं हृदय थांबलं, की भोंग्यावर आधी दोन सूर वाजत, एक खालचा, एक वरचा, आणि मग जागेचं नाव. त्याला सगळे हाक म्हणत. हाक आली की ठरलेली माणसं हातातलं टाकून धावत सुटायची. मागच्या इमारतीत भोंगा नव्हता, पण उघड्या खिडकीतून ते सूर महिनोन् महिने पुसट येत होते आणि वहिनीच्या नकळत तिच्या कानात घर करून बसले होते.

बुधवारी सकाळी कामाची पहिली गर्दी ओसरल्यावर तिने यंत्र चालू केलं. प्रत्येक विभागातला पडदा दोन सुरांत गायला आणि त्यावर अक्षरं उमटली: दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली.

वहिनी खोलीच्या दाराशी उभी होती. आधी तिला पावलांचा आवाज आला आणि तिचं काळीज सुपाएवढं झालं. मग तिच्या लक्षात आलं की ही पावलं चालत येत नाहीयेत. व्हरांड्याच्या एका टोकाने आयसीयूतली सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन सुटली होती, जिन्यावरून भुलीचे डॉक्टर दोन-दोन पायऱ्या गाळत चढत होते, लॅबमधले दाढीवाले रक्ताच्या नळ्या मुठीत धरून येत होते, आणि लाँड्रीतल्या काकांना तर कुणी बोलावलंही नव्हतं. पण एवढी माणसं पळताना पाहून तेही आपली कपड्यांची गाडी सोडून पळत सुटले होते. वहिनीने हात पसरून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. धावत्या ट्रॉलीपुढे हात पसरून उपयोग नसतो. ती भिंतीला चिकटली.

खोलीत एक्स-रेवाला सफरचंद खात बसला होता. त्याला काही कळायच्या आत तो जमिनीवर आडवा झाला होता, पाय खुर्चीवर, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा, आणि तोंडातलं सफरचंद सिस्टरच्या बोटांत.

"अहो, मला काही झालेलं नाही," तो खालून म्हणाला.

"असं सगळेच म्हणतात," भुलीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

त्याला खरंच काही झालेलं नाही हे पटायला थोडा वेळ गेला. मग आवाज कुठून आला, पडद्यावर अक्षरं कुणी लिहिली, अशी विचारपूस झाली. वहिनीने खरं ते सांगून टाकलं. पळत आलेली माणसं धापा टाकत होती आणि रागवायला दम लागतो. परत जावं, तर तेही जमेना. हाकेचा नियम असा होता, की ती संपल्याचं मेट्रनबाईंनी स्वतः येऊन सांगायचं, आणि तोवर धावून आलेल्यांनी जागा सोडायची नाही. मेट्रनबाई त्या वेळी आवाराच्या पार पलीकडे, बाळंतिणींच्या इमारतीत होत्या. तेव्हा सगळे बसले.

आणि मग वहिनीने जे पाहिलं, त्यासाठी तिने शिव्या खायचीही तयारी ठेवली असती. दाढीवाले सहज म्हणाले की पळायला लागलं त्यात माझ्या नळ्यांचे हाल झाले. आयसीयूतली सिस्टर ताडकन वळली. तिने तो आवाज ओळखला होता. रक्त गोठलंय, परत पाठवा, असं रोज फोनवर सांगणारा तो माणूस तुम्हीच का, असं तिने विचारलं. दाढीवाल्यांनीही तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात ती सहा फुटी, जबरी बाई होती. समोर खुर्चीवर बसलेल्या बाईंचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने आपला हिशेब मांडला, त्यांनी त्यांचा. नळीत रक्त घेतल्यावर ती हलवता का, तर हलवते. कशी हलवता, दाखवा. तिने हवेत नळी हलवून दाखवली. ते म्हणाले, बाई, हे हलवणं नव्हे, हे घुसळणं झालं, यातून लोणी येईल. भुलीचे डॉक्टर, जे कुणाशी बोलताना कधी दिसले नव्हते कारण त्यांची गिऱ्हाइकं झोपलेलीच असायची, ते खो-खो हसले. काकांनी उठून किटली लावली. एक्स-रेवाल्याने आपल्या सफरचंदाचं काय झालं अशी चौकशी केली.

दारात मेट्रनबाई येऊन उभ्या राहिल्या तेव्हा हसणं चालूच होतं. ते टाचणी लागलेल्या फुग्यासारखं बसलं. त्यांनी आवाज चढवला नाही. हाक संपली असं जाहीर केलं, सगळ्यांना कामावर पाठवलं आणि वहिनी एकटी उरल्यावर दार लोटून घेतलं.

"इथे हाक एकदाच खोटी ठरते, वहिनीबाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळेला लोक चालत येतात. आणि चालत आलं की माणूस मरतो."

आवाज आत्ताच्या आत्ता बंद व्हायला हवा होता, तो तिने बंद केला. विभागाविभागात जाऊन प्रत्येक पडदा स्वतः गप्प केला. मान खाली घालायची वेळ होती आणि तिने ती घातलीही. पण आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, त्याला ती काय करणार? ती माणसं आली होती. आणि नुसती आली नव्हती, त्यांच्या मागे त्यांचं काम कुणीतरी उचललं होतं. आयसीयूतल्या दुसऱ्या सिस्टरने एक अक्षर न विचारता शेजारच्या खाटेकडेही बघितलं होतं. हीच माणसं चहाला जाऊ का असं तोंडाने विचारत नव्हती, कारण पेशंट टाकून बसायला जाणं म्हणजे पाप. बसायला कुणी जाऊ शकत नव्हतं. बोलावलं तर मात्र कुणीही जाऊ शकत होतं.

गुरुवारी ती मेट्रनबाईंच्या ऑफिसात गेली. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली नाही, म्हणून उभ्यानेच बोलली. पडदे काढून टाकते म्हणाली. माणसांच्या खिशात कामाचे पेजर आहेतच, त्यांतूनच बोलावते. आवाज नाही, नुसती थरथर. एका वेळी एकाच माणसाला, तोही दुसऱ्या विभागातला, आणि त्याच्या विभागप्रमुखाने हा आत्ता मोकळा आहे अशी खूण केलेली असेल तरच. मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की हे सगळं ठीक, पण बोलावणार कोण? यंत्र? यंत्राला कसली गरज पडलीय? गरज नसताना मारलेली हाक ती खोटीच, मग ती वाजो की थरथरो.

"मग खरी कुठली, वन्सं?"

या वेळी मेट्रनबाई बहिऱ्या झाल्या नाहीत.

"ज्याला माणूस हवंय, त्याने स्वतः मारलेली. आणि कशाला हवंय ते लिहून. ते कारण खोटं निघालं तर तुझं यंत्र मी माझ्या हाताने बंद करीन."

वहिनीने त्या दिवशी जेवणाची सुट्टी घेतली नाही. पेजरवर एक बटण, बटणामागे दोन ओळी लिहायला जागा. बटण कोपऱ्यातल्या खोलीत असतानाच चालायचं, म्हणजे हाक मारणारा माणूस आधी तिथे असायला हवा. संध्याकाळ व्हायच्या आत तिने प्रत्येक विभागात जाऊन हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. छान आहे म्हणाले. ती परतताना तिच्या पायांना चाकं लागल्यासारखी वाटत होती.

शुक्रवारची सकाळ कोरडी गेली. माणसं येऊन खोलीत डोकावत होती, बुधवारची आठवण काढून हसत होती आणि निघून जात होती. दाढीवाले तर दोनदा येऊन गेले. बटण कुणी दाबत नव्हतं, आणि का दाबत नाही हे वहिनीला हळूहळू उमगत गेलं. मला माणूस हवंय असं लिहायचं कसं? दिवसभर दुसऱ्यांच्या गरजा बघणाऱ्या माणसाला आपली गरज सांगणं म्हणजे अंगावरचा कपडा उतरवण्यासारखं. तिच्या मनात एकदा आलं, की आपणच बटण दाबावं आणि काहीतरी रचून लिहावं. एक हाक गेली की पुढच्या जातील. तिचा अंगठा बटणावर गेलाही होता. पण रचून लिहायचं म्हणजे वन्संनी सांगितलेली खोटी हाकच. तिने पेजर टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

दुपार कलल्यावर अधीक्षक आले. सोबत एक्स-रेवाला होता, त्याच्या हातात मोजायची टेप. त्याच्या साहेबांनी पाठवलं होतं. तो वहिनीच्या नजरेला नजर देईना. अधीक्षक वाईट माणूस नव्हते. हळू आवाजात म्हणाले, वहिनी, प्रयत्न चांगला होता, पण मला रिकामी खोली दिसतेय. यावर काय बोलावं याचा ती विचार करत होती, तेवढ्यात त्यांच्या मधून वाट काढत आयसीयूतली सिस्टर आत घुसली. तोंडावर दोन्ही हात घट्ट धरलेले. अधीक्षक उभे आहेत हे तिने पाहिलंही नसावं. तिने खिशातून पेजर काढला, काहीतरी लिहिलं आणि बटण दाबलं. मग टेबलाला धरून उभी राहिली.

काय झालं, असं अधीक्षकांनी विचारलं. तिने नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा भरवसा नसल्यासारखी.

वहिनीने आपल्या पेजरवर पाहिलं. कुठलीही हाक गेली की तिला दिसायची. सिस्टरने लिहिलं होतं: आनंदाची बातमी आहे. आयसीयूत ओरडता येत नाही.

यंत्राने मोकळ्या माणसांतून एकाला निवडलं होतं, आणि तो माणूस व्हरांड्यातून पळत येत होता. पळायचं कारण नव्हतं. पण हाक म्हटली की त्या इमारतीत चालायची कुणाला सवयच नव्हती. दाढीवाले दारातच अधीक्षकांवर आदळले.

"तुम्ही इथे कसे?" अधीक्षक म्हणाले.

"हाक आली."

"कशासाठी?"

"बाईंना काहीतरी आनंद झालाय."

"मग?"

"मग काय साहेब, ऐकायला नको?"

आणि सिस्टर ओरडली. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. तिची मुलगी वकिलीची परीक्षा पास झाली होती. चौथ्या खेपेला. तीन वेळा नापास झाली हे तिने कामावर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाला? आणि आज निकालाचा फोन आला तेव्हा ती दोन पेशंटच्या मधे उभी होती, जिथे खोकलासुद्धा दाबून खोकतात. दाढीवाले म्हणाले, फोनवर तुमच्याशी भांडून भांडून मी हे ओळखायला हवं होतं; तुमच्या घरी वकिली वंशपरंपरेने आहे, मुलीने आता नुसती सनद घेतली. सिस्टर हसता हसता रडली आणि रडता रडता परत ओरडली. तेव्हा दाढीवाल्यांनी स्वतःचा पेजर काढला आणि लिहिलं: इथे दोन माणसं फार मोठ्याने बोलतायत, गप्प करायला कुणीतरी या.

गप्प करायला लाँड्रीतले काका आले. त्यांना बातमी पहिल्यापासून सांगावी लागली आणि ती ऐकून ते आधीच्या दोघांपेक्षा मोठ्याने बोलू लागले. त्यांनी किटली लावली, कप कमी पडले म्हणून बटण दाबलं, आणि भुलीचे डॉक्टर कप घेऊन आले. किती माणसं आली हे मोजायचं वहिनी विसरली. तिच्या हातातल्या पेजरला आता दम लागल्यासारखं झालं होतं.

अधीक्षक भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी एक्स-रेवाल्याला विचारलं, की मोजमाप घेतलंस का, मशीन मावेल का. एक्स-रेवाल्याने टेपकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं.

"गर्दी फार आहे, साहेब," तो म्हणाला. "टेप टाकायला जागा नाही."

अधीक्षकांनी खोलीभर नजर फिरवली. त्याच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, की मशीन कुठे लावायचं ते त्याच्या साहेबांशी बोलून बघतो, खोली आहे तशी राहू दे. वहिनीला पुरतं ऐकू आलं नाही, कारण काका त्याच वेळी कुणाला तरी सांगत होते की मुलगी पास झालीय. ते परत सांगा, असं तिने अधीक्षकांना सांगितलं. त्यांनी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदाही विचारलं असतं, पण दारात मेट्रनबाई दिसल्या आणि सगळी खोली बुधवारसारखीच टाचणी लागून बसली.

हाक कुणाची, असं त्यांनी विचारलं. सिस्टरने हात वर केला. मेट्रनबाईंनी तिचा पेजर घेऊन त्या दोन ओळी वाचल्या. कारण खरं का, असं विचारलं. सिस्टरने फोनवरचा निकाल पुढे केला. त्यांनी तो चष्मा लावून, नाव आणि क्रमांकासकट नीट तपासला, जसं एखाद्या औषधाचं लेबल तपासावं. वहिनी पुढे झाली. वन्सं, खोली राहिली, असं ती म्हणाली, आणि आभार कसे मानावेत याची जुळवाजुळव करू लागली.

"ते मागाहून," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि बसल्या. कामाच्या वेळेत त्यांना बसलेलं त्या खोलीतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. "आधी मला सांगा, चौथ्या खेपेला पोरीला बसवलं कुणी? तिची ती बसली की तुम्ही मागे लागलात?"

सिस्टरने डोळे पुसले, घोटभर पाणी प्यायली आणि पहिल्या नापासापासून सुरुवात केली.